खांबामागे बसलेला माणूस

तुम्ही खोटं बोलताय.

त्या दिवशी चर्चमध्ये कोणीही व्यक्ती नव्हती, असं तुमच्या वास्तुवारसा खात्याने मला मेलवर कळवलं. सभ्य जर्मनमध्ये, खाली शुभेच्छा देऊन.

मी तिथे होते. माझा नवरा तिथे होता.

आणि तिसरं कोणीतरी होतं...

ही गोष्ट खरी आहे. गेल्या नोव्हेंबरचा शेवटचा मंगळवार. कार्ल्सरूहेपासून एस-बानने पाऊण तासावरचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, वकिलाने नको म्हटलंय. रात्र नव्हती. अमावस्या होती की नाही ते मला माहीत नाही, आम्ही बघत नाही. दुपार होती. इथली नोव्हेंबरची दुपार, चहाच्या वेळेला दिवे लावावे लागतात तसली.

आणखी एक आधीच सांगते, म्हणजे खाली कमेंटमध्ये मला कोणी लिंबू-मिरची शिकवायला येऊ नये. आम्ही बौद्ध. माझे सासरे दादाराव गजभारे नांदेडला शाळेत विज्ञान शिकवायचे. गल्लीत कोणाच्या अंगात आलं की ते घड्याळ घेऊन नाडी मोजायला जायचे. आमच्याकडे आत्माच मानत नाहीत, मग त्याचं भूत कुठून होणार? लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं, नवऱ्याला अहो-जाहो करू नको, नाव घे. म्हणून मी यशपालला यशपालच म्हणते.

अजूनही म्हणते.

हल्ली मोठ्यांदा म्हणते.

यशपाल मोजणीचं काम करतो. शेतांची नाही, जुन्या इमारतींची. तीन पायांवर एक लेझरचं यंत्र उभं करायचं. ते गरगर फिरतं आणि चहूकडे किरण सोडतं. किरण जिथे आपटून परत येतो तिथे एक बिंदू. असे कोट्यवधी बिंदू जमले की कॉम्प्युटरवर अख्खी इमारत दिसते, धुरातून कोरून काढल्यासारखी. त्याला हे लोक पुंक्टवोल्के म्हणतात, बिंदूंचा ढग.

या कामाच्या दोन गोष्टी कळल्या तर पुढचं कळेल.

एक. यंत्र फिरत असताना माणसाने त्याच्या समोर यायचं नाही, आडोशाला जायचं. चुकून आलात आणि चालत राहिलात तर फार बिघडत नाही. चालणाऱ्याच्या नुसत्या रेघोट्या उमटतात, सॉफ्टवेअर त्या आपोआप पुसतं. पण स्थिर राहिलात तर यंत्र तुम्हाला इमारतच समजतं. खांब, बाक, माणूस... सगळं एकच.

दोन. यंत्रासमोर काही आडवं आलं की त्याच्या मागे किरण पोचत नाही. मागच्या भिंतीवर काळं भोक राहतं. त्या वस्तूची सावलीच म्हणा. वस्तू पुढे, सावली मागे. वस्तू नसेल तर सावली नाही.

त्या दिवशी यशपालचा जोडीदार गौरांग तापाने पडला होता. एकट्याने जायची परवानगी नसते. मी बेकरीत काम करते, मंगळवारी मला सुट्टी. मुलगी देवश्री शाळेनंतर हॉर्टमध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, थांबणार होती. यशपाल म्हणाला, "चल ना, पांढरे गोळे धरायचे आहेत फक्त."

मापासाठी जागोजागी पांढरे गोळे ठेवतात. ते उचलायला मी गेले.

चर्च बंद पडलेलं होतं. लोक येईनात, म्हणून चर्चवाल्यांनी विकलं. आता आत मजले टाकून फ्लॅट होणार. त्याआधी मोजणी हवी, असा तुमचाच हुकूम होता.

चावी सांभाळणाऱ्या फ्राऊ हॉल्त्सले सायकलवर आल्या. सत्तरी कधीच ओलांडलेली. कुलूप उघडताना म्हणाल्या, "फ्राऊ गाजबारे, तुमचा कोट पातळ आहे. आत बाहेरपेक्षा जास्त थंडी आहे. झाइबोल्डने देवासाठी जागा केली, माणसांसाठी शेगडी विसरला."

झाइबोल्ड कोण, ते त्यांनीच सांगितलं. सांगायला कोणी मिळत नसावं.

ओटमार झाइबोल्ड. सुताराचा मुलगा. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणी होती त्या काळातला. शिकला कार्ल्सरूहेत, पण शहरात त्याला कोणी उभं केलं नाही. मग आयुष्यभर खेड्यापाड्यांत चर्चं बांधत फिरला. चर्चचं काम नसेल तेव्हा घरं बांधायची. बिअरवाल्याची कोठी, डॉक्टरचा बंगला, स्टेशनमास्तरचं घर. शहरातल्या मोठ्या चर्चसाठी त्याने दोनदा नकाशे पाठवले, दोन्ही वेळा परत आले. शेवटी हे चर्च बांधलं आणि मग काहीच बांधलं नाही.

"शहराने नाकारलं तो सगळा राग आमच्या मनोऱ्यात घातला बघा," फ्राऊ हॉल्त्सले म्हणाल्या. "एवढ्याशा गावाला एवढा मनोरा कशाला? वीज पडायची तर पहिली इथेच पडते."

यशपाल म्हणाला, "पण उभा आहे ना अजून."

"हो, हो. उभा आहे. बांधणाऱ्यासारखाच हट्टी."

बाजूच्या खोलीत, जिथे पाद्री कपडे बदलायचा, तिथे भिंतीवर जुने फोटो होते. झाइबोल्डला एक सवय होती. इमारत पुरी झाली की फोटो काढून घ्यायचा. एकेक चर्च, एकेक घर, ओळीने लावलेलं.

आणि प्रत्येक फोटोत एक माणूस. तोच. हातात त्याच्याहून उंच मापाची काठी. सरळ उभा.

"हा झाइबोल्ड का?" मी विचारलं.

"छे. तो कॅमेऱ्याशेजारी असणार. हा मजूर. माणूस शेजारी उभा केला की इमारत केवढी ते कळतं. त्या वेळचे कॅमेरे म्हणजे कितीतरी वेळ हलायचं नाही. हललं की फोटोत येतच नाही. हा हलायचा नाही, म्हणून झाइबोल्ड याला सगळीकडे घेऊन फिरायचा."

"नाव काय याचं?"

फ्राऊ हॉल्त्सलेंनी माझ्याकडे बघितलं. मी काठीचं नाव विचारल्यासारखं.

"नाव माहीत नाही. झाइबोल्डच्या नावाचा रस्ता आहे आमच्याकडे. याचं कोणी लिहून ठेवलेलं नाही."

यशपाल मराठीत म्हणाला, "मापाला चालला. नावाला नाही चालला. ओळखीचं वाटतं की नाही गं?"

मी हसले नाही. मी फोटो बघत होते.

पहिल्या फोटोत त्या माणसाच्या मिशा दिसतात. बटणं दिसतात. मधल्या फोटोंत चेहरा धुवट झालेला. त्यानंतरच्या फोटोंत त्याच्या छातीतून मागची वीट दिसते. शेवटचा फोटो याच चर्चचा, आतून काढलेला.

त्यात माणूस नव्हता.

फरशीवर सावली होती. माणसाची आणि काठीची.

माणूस... नव्हता.

"हलला असेल बिचारा," फ्राऊ हॉल्त्सले म्हणाल्या. "वय झालं होतं."

"मग सावली कशी नाही हलली?" यशपालने विचारलं.

त्यांनी चाव्या खिशात टाकल्या. "आल्झो, चला, मी अंधार पडल्यावर येते कुलूप लावायला."

आणि गेल्या. आम्ही दोघंच उरलो.

यशपालने पहिली जागा दारापाशी धरली. यंत्र उभं केलं, मी गोळे मांडले. मग तो एका जाड खांबाच्या मागे गेला आणि बूट काढायला लागला.

"अरे हे विहार नाही," मी म्हटलं. "पाय गोठतील."

"बुटात मांडी घालू का? यंत्र फिरेपर्यंत बसतो जरा. नुसतं उभं राहून काय करायचं."

ही त्याची नेहमीची पद्धत. यंत्र फिरायला लागलं की तो आडोशाला आनापान करतो. श्वास आत, श्वास बाहेर, तेवढंच बघायचं. आणि यशपाल बसला की बसला. देवश्रीने लहानपणी एकदा त्याच्या नाकाला कपड्यांचा चिमटा लावला होता. तरी हलला नव्हता.

मी बाहेरच्या पडवीत गेले. मधे काचेचं दार. काचेतून तो खांब दिसत होता, यशपालचा गुडघा दिसत होता.

यंत्र फिरायला लागलं. बारीक घूं घूं.

मग...

टक.

लाकूड दगडावर टेकल्याचा आवाज.

मला वाटलं बाक असेल. जुनं लाकूड थंडीने वाजतं.

टक.

यंत्र थांबलं. यशपाल उठला, टॅबलेटवर पाहिलं. मी पण पाहिलं. पलीकडच्या भिंतीवर, खिडकीखाली, काळं भोक. लांबट. वर गोल. आणि शेजारी एक सरळ काळी रेघ, त्या आकाराहून उंच.

त्याच्या पुढे काहीच नव्हतं. वस्तू नव्हती. नुसती सावली.

"भिंत ओली असेल," यशपाल म्हणाला. "ओलीवरून किरण परत येत नाही कधी कधी."

"ओलीला डोकं असतं का?"

"शैला, तुला थंडी वाजतीये. तो थर्मास घे."

त्याने भिंतीला हात लावून बघितला. मी त्याचा हात बघितला. कोरडा होता.

दुसरी जागा मधोमध. तो पुन्हा खांबामागे बसला. मी पुन्हा पडवीत.

घूं घूं.

टक... टक...

यावेळी जवळून.

टॅबलेटवर सावली होती. मोठी. छतापर्यंत गेलेली. सावली मोठी होते म्हणजे आडवं आलेलं काही यंत्राच्या जवळ आलंय. हे मला यशपालनेच शिकवलं होतं.

त्याने टॅबलेट बगलेत घातला. यंत्र उचलून पुढे निघाला.

"उरलेलं उद्या करू," मी म्हटलं. "गौरांगला घेऊन ये."

"एकच जागा राहिली. गेनाऊ, मोजून एकच. परत यायचं म्हणजे परत परवानगी. बस तू."

शेवटची जागा वेदीपाशी. त्याने यंत्र मांडलं, बटण दाबलं आणि जाऊन बसला. त्याच खांबामागे.

आता नीट वाचा. यंत्र आता पलीकडच्या बाजूला गेलं होतं. पहिल्या दोन वेळी जो आडोसा होता तो आता आडोसा नव्हता. यशपाल यंत्राच्या थेट समोर बसला होता. कित्येक वर्षं हेच काम करणारा माणूस. त्याच्या लक्षात आलं नाही. का आलं नाही ते मला माहीत नाही. त्याला पण माहीत नाही, मी विचारलंय.

मी काचेवर हात आपटला. त्याने डोळे उघडले नाहीत.

टक.

खांबाशी.

टक.

त्याच्या शेजारी.

मग तो आवाज वेगळा झाला. काठी टेकवल्याचा नाही. काठी ठेवून दिल्याचा. दिवसाचं काम संपलं की माणूस अवजार भिंतीला लावून ठेवतो ना, हळू, घसरू नये म्हणून... तसा.

आणि मग पावलं. दमलेल्या माणसाची. खांबापासून दाराकडे. माझ्याकडे.

काचेचं दार उघडलं नाही. पावलं माझ्या बाजूने गेली. तंबाखूचा आणि ओल्या चुन्याचा वास आला.

मग तोही गेला.

यंत्र थांबलं. मी आत धावले. "यशपाल. यशपाल, ऊठ."

तो बसलेला. मी खांद्याला हात लावला. अंग थंड नव्हतं. गरम पण नव्हतं. हाताला काही लागलंय असंच वाटेना. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर आपलाच गाल आपल्याला कळत नाही, तसं.

मग त्याने डोळे उघडले. "झालं?" म्हणाला.

टॅबलेटवर यावेळी एकही सावली नव्हती. भिंती स्वच्छ. आणि खांबापाशी यशपाल. मांडी घातलेला, पायात मोजे, बिंदू न् बिंदू स्पष्ट.

"अरे," तो म्हणाला. "आलो मी. गौरांग पुसेल ते."

फ्राऊ हॉल्त्सले आल्या. मला म्हणाल्या, "गुटे नाख्ट." मलाच. यशपालकडे त्यांनी पाहिलं नाही. अंधार होता, मी मनावर घेतलं नाही.

परत येताना स्टेशनजवळच्या दुकानात दूध घ्यायला गेलो. यशपाल पुढे होता. आपोआप उघडणारं दार उघडलं नाही. तो काचेसमोर उभा राहिला. मी मागून गेले, उघडलं.

घरी जिन्यातला दिवा. कोणी आलं की लागतो. तो चढला तेव्हा लागला नाही.

ऑफिसात हात धुवायचा नळ त्याच्यासाठी वाहीना. पहिले काही दिवस आम्ही हसलो. गौरांग म्हणाला, "भाऊ, मजा आहे तुझी, चौकातल्या कॅमेऱ्यात पण येणार नाहीस." देवश्री तर दुकानात गेलं की मुद्दाम त्याला पुढे ढकलायची. "पापा, नोखमाल! परत एकदा!" आणि दार उघडलं नाही की खिदळायची.

यशपाल पण हसायचा. मग हसणं कमी झालं. चिडला नाही, रडला नाही. भूक लागली का विचारलं तर थोडा वेळ शोधल्यासारखं करायचा आणि म्हणायचा, "असेल."

मी एकटी परत त्या गावाला गेले. फ्राऊ हॉल्त्सलेंना म्हटलं, माझा हातमोजा राहिलाय. शेवटचा फोटो बघितला.

सावली नव्हती. रिकामी फरशी.

"इथे सावली होती," मी म्हटलं.

"कसली सावली? मी चाळीस वर्षं याची काच पुसते. मोकळाच फोटो आहे तो."

तो माणूस सुटला होता. दीडशे वर्षं स्थिर उभा राहिलेला माणूस काठी ठेवून घरी गेला होता. मला त्याचा राग आला नाही, खरं सांगते. अजूनही येत नाही. मापासाठी उभा केला आणि विसरले, त्यात त्याचा काय गुन्हा?

राग मला तुमचा येतो.

कारण त्यानंतर कंपनीला तुमचा मेल आला. ढगात ओळखू येईल अशी व्यक्ती आहे. डाटेनशुट्झच्या, खासगी माहिती जपण्याच्या, नियमात बसत नाही. व्यक्ती काढून टाकावी.

गौरांगने मला बेकरीत फोन केला. खालच्या आवाजात.

"वहिनी, पुसायला सांगतायत."

"नको पुसू."

"अहो, माझ्या हातात नाही. साहेब मागे उभे आहेत."

"गौरांग, तूच म्हणालास ना, नळ चालत नाही, दार उघडत नाही. त्याला काहीतरी झालंय आणि ते तिथे झालंय. तिथे राहिलेला तो त्या ढगात तेवढाच आहे."

"मी तेच सांगितलं. साहेब म्हणाले, सुट्टी घे दोन दिवस." मग म्हणाला, "यशपालला विचारलं मी. तो म्हणाला, पुस. नियम आहे."

"त्याला काय विचारतोस? त्याला जेवायला पण मी सांगते."

मागून कोणीतरी जर्मनमध्ये काही बोललं. फोन बंद झाला.

मी बेकरीतून तशीच निघाले. एप्रनसकट. घरी पोचले तेव्हा यशपाल स्वयंपाकघरात लसूण सोलत बसला होता. हायसं वाटलं. दारात उभी राहून मी त्याच्या हातांकडे बघत होते.

सोलता सोलता हात थांबले.

बस, एवढंच. दुसरं काही झालं नाही. वारा आला नाही, दिवा गेला नाही. अर्धी सोललेली पाकळी बोटांत, आणि हात थांबलेले.

देवश्री आली. फ्रिज उघडला, दही घेतलं, त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसून खाल्लं. मग मला विचारलं, "ममा, वान कॉम्ट पापा?"

पापा कधी येणार.

"समोर बसलाय," मी म्हटलं.

तिने समोर बघितलं. माझ्याकडे बघितलं. चमचा ठेवून खोलीत गेली. रात्री मी तिच्या दाराशी गेले, तर ती उशीत तोंड घालून रडत होती. तिला वाटलं मला वेड लागलंय.

रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल येतो. म्हणजे सासऱ्यांचा. मी यशपालला शेजारी घेतलं, खांद्याला खांदा लावून, फोन लांब धरला. स्क्रीनच्या कोपऱ्यात मी दिसत होते. माझा कललेला खांदा दिसत होता. हवेला टेकलेला.

"जय भीम बाबा."

"जय भीम. यशपाल कुठंय?"

"हा काय, इथे."

"कॅमेरा नीट धर बेटा."

"नीटच धरलाय."

बाबा स्क्रीनच्या जवळ आले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आता रागावतील. असल्या गोष्टींना आयुष्यभर शिव्या घातल्या त्यांनी.

"ताट वाढलंस त्याला?" त्यांनी विचारलं.

"वाढलंय."

"खाल्लं?"

"नाही."

"शैला, आत्मा नसतो," ते म्हणाले. आवाज शाळेतलाच होता, वरच्या पट्टीतला, मागच्या बाकाला ऐकू जावा असा. पण फोनमधलं चित्र हलत होतं. "आत्मा नसतो. माणूस असतो. तो कुठेतरी असतोच. ज्यांनी हलवला त्यांना विचार. सोडू नको."

म्हणून मी विचारते आहे.

डॉक्टरकडे नेलं. रिसेप्शनवरच्या बाईने त्याचं कार्ड घेतलं, त्याच्या आरपार खोलीत बघितलं आणि म्हणाली, पेशंट आला की सांगा. पोलिसांकडे गेले. ते म्हणाले, नवरा हरवल्याची तक्रार घेतो. मी म्हटलं हरवला नाही, हा उभा आहे. तेव्हा त्यांनी मला पाणी दिलं आणि बसायला सांगितलं. कंपनीने त्याची जागा भरली. गौरांग आता फोन उचलत नाही. शेवटचा बोलला तेव्हा म्हणाला, "वहिनी, त्या मोजणीला मी कोणाबरोबर गेलो होतो?" तू गेलाच नव्हतास, मी म्हटलं. तुला ताप होता. 

त्याआधी एक गोष्ट त्याने मला सांगितली होती. म्हणून हे सगळं लिहिते आहे.

पुसलं ते नकलेतून. मूळ मोजणी, यंत्राने घेतलेली, कोणी हात न लावलेली, ती वेगळी असते. कंपनीने ती तुमच्या हवाली केली आणि करारात आहे म्हणून आपल्याकडची काढून टाकली. म्हणजे खांबापाशी मांडी घालून बसलेला यशपाल आता जगात एकाच ठिकाणी असू शकतो. तुमच्याकडे.

मी लिहिलं. तुम्ही उत्तर दिलंत, कोणीही व्यक्ती नव्हती.

पुन्हा लिहिलं. उत्तर नाही.

मी तुमच्या दारात आले. खाली बसलेल्या माणसाने विचारलं, कोणासाठी आलात? मी तोंड उघडलं आणि नाव आलं नाही. क्षणभरच. मग आलं. पण त्या क्षणात मला काहीच वाटलं नाही. भीती नाही, दुःख नाही. मोकळी फरशी.

गेल्या आठवड्यात सकाळी मी एकच कप चहा केला. पिऊन झाला. कप विसळला. मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कोणीतरी बसलंय असं वाटलं आणि वळून बघायला मला... वेळ लागला.

तो तिथेच होता. माझ्याकडे बघत होता. "असू दे," म्हणाला. इतकं हळू की मी त्याच्या ओठांवरून ओळखलं.

असू दे मी म्हणणार नाही.

मार्चमध्ये तुम्ही मंजूर केलेलं काम सुरू होतंय. मी नकाशा पाहिला, तो तुम्ही लोकांसाठी लावलाय. त्या खांबाच्या चहूबाजूंनी भिंती येणार, फरशीवर फरशी येणार, तिथे कोणाचं तरी बाथरूम होणार. करा. मला चर्च नको. झाइबोल्ड नको. भरपाई नको. माफी तर नकोच, माफीचा मेल कसा लिहितात ते मी पाहिलंय.

मला एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे. खात्याचं नको, सहीवाल्या माणसाचं पाहिजे, नावासकट.

शेवटच्या जागेची मूळ मोजणी तुम्ही ठेवली आहे की तीही पुसली?

उद्या लिहा. परवा नको. आज मला माहीत आहे की मी कोणासाठी विचारते आहे.

आहे की नाही?